विहिरीवरची मोटर वारंवार जळत असेल, तर जळालेला स्टेटर आधी नीट पाहा

माझ्या विहिरीवर ५ एचपीची, तीन फेजवर चालणारी मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच जोडात असलेली) मोटर आहे. चौदा महिन्यांत ती तीन वेळा जळाली. प्रत्येक खेपेला मोटर उतरवायची, तालुक्याला वायंडिंगसाठी न्यायची, चार-पाच दिवस उभ्या पिकाचे पाणी तोडायचे, पैसे मोजायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा तोच करपलेला वास घ्यायचा, असे चालले होते. पहिल्या दोन वेळा मी वायंडिंग कच्चे झाले असे समजून वायंडर बदलला. तिसऱ्या वेळी मात्र जळालेली तार ओढून काढण्यापूर्वी स्टेटर मला दाखवावा, असा आग्रह धरला. मोटर का जळते याचे उत्तर त्या स्टेटरवरच उमटलेले होते. आधीच्या दोन्ही वेळी ते उत्तर भंगाराच्या तारेबरोबर फेकले गेले होते. ज्यांच्याकडे हाच प्रकार वारंवार घडतो, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्टेटर करतो काय

मोटरच्या बिडाच्या बॉडीत घट्ट बसवलेला, पोलादी पत्र्याच्या पातळ चकत्या एकावर एक रचून केलेला जो पोकळ दंडगोल असतो, तो स्टेटर. वायंडर या चकत्यांना स्टँपिंग म्हणतात. दंडगोलाच्या आतल्या बाजूला खाचा, म्हणजे स्लॉट असतात आणि त्यांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. तीन फेजची तीन वायंडिंग एकमेकांपासून १२० अंशांवर मांडलेली असतात. तिन्ही फेजमधला प्रवाह एकाच क्षणी शिखरावर येत नाही, तो पाळीपाळीने येतो. त्यामुळे स्टेटर जागचा हलत नसला तरी त्याच्या पोकळीतील चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. हे फिरते क्षेत्र १८८०च्या दशकात गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे साधले आणि आजही शेतातली मोटर त्याच तत्त्वावर चालते.

५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलच्या मोटरमध्ये हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते. स्टेटरच्या पोकळीत फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्याला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. फिरते क्षेत्र त्याच्या दांड्यांमध्ये प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहामुळे रोटर क्षेत्रामागे ओढला जातो. तो क्षेत्राला कधीच गाठत नाही, कारण गाठले तर त्यात प्रवाह निर्माण होणार नाही आणि जोरही राहणार नाही. नेमप्लेटवर ३००० ऐवजी २८८० च्या आसपासचा आकडा असतो, त्याचे कारण हेच.

आता यातला एक फेज गेला असे समजा. उरलेल्या दोन तारांमधून एकच प्रवाह वाहतो, म्हणून क्षेत्र फिरत नाही. ते जागच्या जागी मागेपुढे होत राहते. बंद असलेली मोटर अशा वेळी सुरू केली, तर ती नुसती घुमते, शाफ्ट हलत नाही आणि नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढत एखाद्या-दोन मिनिटांत वायंडिंग संपते. चालू असलेली मोटर मात्र फेज गेला तरी थांबत नाही. रोटरला आधीचा वेग असतो, तेवढ्यावर ती फिरत राहते, पाणीही येत राहते, फक्त आवाज जरा जड होतो. घात होतो तो याच स्थितीत, कारण रात्रीच्या पाळीत तो आवाज ऐकायला कोणी विहिरीवर उभे नसते.

जळालेला स्टेटर कसा वाचावा

वायंडरच्या बाकावर मोटर उघडली, तेव्हा स्लॉटच्या बाहेर दोन्ही टोकांना आलेली वेटोळी मी बॅटरीच्या उजेडात पाहिली. समोरासमोरचे दोन गट कोळशासारखे काळे पडले होते, दोऱ्याच्या गाठीही जळून गेल्या होत्या आणि बोट लावले तर वार्निशची राख हाताला येत होती. त्यांच्या शेजारचे चार गट मात्र जवळजवळ नव्यासारखे, वार्निशच्या मधाळ रंगाचे होते. तीनपैकी एकच फेज पूर्ण जळाला होता आणि दोन शाबूत होते. वायंडिंग कच्चे असते, तर जळाल्याची खूण अशी मोजून-मापून आली नसती.

ही खूण समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण ७.५ अँपिअर घेते. माझी मोटर आतून डेल्टा जोडणीची आहे, म्हणजे तिन्ही वायंडिंग त्रिकोणासारखी टोकाला टोक जोडलेली आहेत. डेल्टामध्ये प्रत्येक फेजच्या वायंडिंगमधून लाइनच्या प्रवाहाचा १.७३ वा हिस्सा, म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर वाहतात. तोच भार दोन तारांवर आला की लाइनमधला प्रवाह १.७३ पट, म्हणजे १३ अँपिअरच्या घरात जातो. या १३ अँपिअरचे दोन वाटे होतात. जे वायंडिंग थेट जिवंत तारांच्या मध्ये असते, त्याला दोन-तृतीयांश, म्हणजे ८.७ अँपिअर मिळतात आणि एकामागे एक जोडली गेलेली उरलेली दोन वायंडिंग मिळून ४.३ अँपिअर वाहून नेतात, जे त्यांना नेहमीचेच आहेत. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणून एका वायंडिंगवर दुप्पट प्रवाह आणि चौपट उष्णता, तर दोन वायंडिंग निवांत. आकडे ढोबळ आहेत, पण डेल्टा मोटरमध्ये एक फेज काळा आणि दोन शाबूत दिसले, तर मोटर सिंगल फेजिंगने, म्हणजे एक फेज गेल्याने जळाली असे समजण्यास हरकत नाही. स्टार जोडणीत, म्हणजे तिन्ही वायंडिंगची एकेक टोके एकत्र बांधलेली असतात तेथे, हे चित्र उलटे दिसते : दोन फेज काळे आणि एक कोरा, कारण ज्याची तार तुटली त्यातून प्रवाहच जात नाही.

तिन्ही फेज सारखेच काळे पडले असतील, तर फेज जाण्याचा संशय सोडून द्यावा. तेथे कमी व्होल्टेज, जादा भार, अडकलेला इम्पेलर (पंपाचे पाणी फेकणारे चाक) किंवा खराब बेअरिंग यांपैकी काहीतरी आहे. एखाद्याच वेटोळ्यावर नाण्याएवढा ठिपका जळून तांबे वितळलेले असेल, तर तारेला तार लागली आहे. वीज पडल्याचा झटका, तार बसवताना खरवडले गेलेले इनॅमल किंवा ओल ही त्याची कारणे असतात. स्लॉटच्या तोंडाशीच जळून बॉडीला खूण उमटली असेल, तर तेथील कागद फाटला आहे. खऱ्या अर्थाने वायंडिंगचा दोष म्हणावा, असे प्रकार बहुतेक करून एवढे शेवटचे दोनच.

पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटरमध्ये इनॅमलऐवजी प्लास्टिकचे आवरण असलेली तार असते. तेथे काळेपणाऐवजी आवरण वितळून तारा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण कोणत्या फेजच्या तारा चिकटल्या हे पाहण्याची रीत तीच.

फेज जात कुठे होता

दोष फेज जाण्याचा आहे हे कळल्यावर मी डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात केली. किटकॅट, म्हणजे फ्यूज, नीट होते. मेन स्विचवर, स्टार्टरच्या येणाऱ्या बाजूला आणि मोटरकडे जाणाऱ्या बाजूलाही मल्टीमीटर तिन्ही जोड्यांना ४०० च्या वर व्होल्ट दाखवत होता. येथेच पुष्कळ जण फसतात, मीही फसलो. मल्टीमीटर स्वतः जवळजवळ प्रवाह घेतच नाही. त्यामुळे केसाएवढ्या टोकावर टेकलेला जोडही त्याला पूर्ण व्होल्टेज देतो. जोड खराब आहे की नाही हे त्यातून भाराचा प्रवाह जात असतानाच कळते.

त्यासाठी चालू मोटरवर स्टार्टरच्या प्रत्येक पॉइंटच्या (फेज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) आरपार व्होल्टेज मोजावे लागते, म्हणजे मीटरची एक पिन पॉइंटच्या वर आणि दुसरी त्याच फेजच्या खाली. हे काम ४१५ व्होल्टच्या जिवंत पेटीत करायचे असल्याने ते जाणकार वायरमनकडूनच, कोरड्या जागी उभे राहून आणि हातमोजे घालून करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कडेच्या दोन पॉइंटवर अर्धा व्होल्टही दिसला नाही. मधल्या फेजच्या पॉइंटवर मात्र ४ ते ६ व्होल्टच्या दरम्यान काटा नाचत होता. ५ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर यांचा गुणाकार ३७ वॅटच्या वर जातो. साध्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा अधिक उष्णता वाटाण्याएवढ्या पॉइंटमध्ये रोज सात-आठ तास निर्माण होत होती. वीज बंद करून पॉइंट उघडला, तेव्हा त्याची चांदीची टिकली खचून खड्डा पडलेला होता आणि त्याखालची स्प्रिंग उष्णतेने नरम झाली होती. मोटर चालता चालता तो पॉइंट कधीतरी पूर्ण सुटत असे आणि मोटर दोन फेजवर येत असे. बंद करून चालू केली की पॉइंट पुन्हा टेकत असे, म्हणून तपासणीत सगळे ठीक वाटे.

रिले आणि प्रिव्हेंटर असूनही

साहजिकच प्रश्न पडतो की जादा प्रवाह आला की ट्रिप होऊन मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले काय करत होता. रिलेची पट्टी ९ ते १४ अँपिअरची होती आणि काटा १४ वर होता. उन्हाळ्यात व्होल्टेज पडले की रिले सारखा ट्रिप होई, म्हणून कोणीतरी तो शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. फेज गेल्यावरचा प्रवाह १३ अँपिअर. म्हणजे वायंडिंग जळेपर्यंतही रिलेच्या दृष्टीने सारे सुरळीतच होते. रिले ट्रिप होणे ही अडचण नव्हती, ती तक्रार होती, आणि आम्ही तक्रार करणाऱ्याचेच तोंड बंद केले होते. डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या स्टार्टरवर रिले नेमप्लेटवरील अँपिअरवरच ठेवावा. मोटर आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टावर नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा फेजच्या वायंडिंगमध्ये बसवलेला असतो, तेथे नेमप्लेटच्या अँपिअरला ०.५८ ने गुणून येणारा आकडा ठेवावा. १४ अँपिअरची मोटर असेल, तर सुमारे ८.१. हा गुणाकार न केल्याने जळालेल्या मोटरी मी माझ्याच शिवारात पाहिल्या आहेत.

माझ्याकडे फेज गेल्यास मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटरही होता, पण तो व्होल्टेजवर चालणारा होता आणि स्टार्टरच्या अलीकडे, येणाऱ्या बाजूला जोडलेला होता. दोष पलीकडे होता, त्याला तो दिसणे शक्यच नव्हते. समजा दोष अलीकडे, डीपीवर असता, तरीही हा प्रिव्हेंटर भरवशाचा नसता. याचे कारण स्टेटरच्या स्वभावात आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

फेज गेलेली मोटर फिरत असते, तेव्हा फिरणाऱ्या रोटरमधील प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र तुटलेल्या फेजच्या वेटोळ्यांवरूनही जात राहते आणि त्या वेटोळ्यांत व्होल्टेज निर्माण करते. म्हणजे त्या एका फेजपुरता स्टेटर जनरेटर होतो. तेथे मीटर लावला, तर नेहमीच्या जवळपास पोहोचणारे व्होल्ट दिसतात, स्टार्टरवरचा फेजचा दिवाही जळत राहतो आणि व्होल्टेजवरचा प्रिव्हेंटर फेज आहे असे समजून बसतो. तारेतला प्रवाह मात्र खोटे बोलत नाही; तुटलेल्या तारेत तो शून्यच असतो. म्हणून प्रिव्हेंटर घ्यायचा, तर तिन्ही तारांवर सीटी (तारेतला प्रवाह ओळखणारी कॉइल) असलेला, प्रवाह मोजणाराच घ्यावा.

मोटरसायकलच्या चार्जिंगमध्ये स्टेटर नेमके हेच काम दिवसभर करतो. इंजिनाच्या झाकणाखाली कॉइल प्लेट स्थिर असते, तिच्याभोवती मॅग्नेट फिरते आणि वेटोळ्यांत एसी वीज तयार होते, पुढे आर.आर. युनिट तिची डीसी करून बॅटरीला देते. तेथेही कॉइल पुन्हा पुन्हा जळत असेल, तर कॉइलमागून कॉइल बदलण्याआधी तिच्या तारांचा कपलर उघडून पाहावा. पिवळ्या तारांपैकी एकीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले आढळले, तर पाव ओहमचा सैल जोड १० अँपिअरला २५ वॅट उष्णता तयार करतो, हा हिशेब आठवावा. आर.आर. युनिट जर जादा वीज शॉर्ट करून थोपवणारे असेल, तर हेडलाइट बंद ठेवल्याने कॉइलला विसावा मिळत नाही, कारण न वापरलेली वीजही तिच्याच तारेतून फिरत राहते. कपलर आणि अर्थचा बोल्ट साफ न करता बसवलेली नवी कॉइल जुन्या वाटेनेच जाते.

तिन्ही फेज काळे पडले असतील तर

आमच्या भागात हा प्रकार सिंगल फेजिंगइतकाच आढळतो आणि त्याची मुळे बहुधा डीपीवरील भारात असतात. पंपाला लागणारी शक्ती फारशी बदलत नाही. त्यामुळे ४१५ ऐवजी ३०० व्होल्ट मिळाले, तर मोटर तेवढेच काम करण्यासाठी किमान १.३८ पट प्रवाह ओढते आणि उष्णता जवळपास दुप्पट होते. सुरू होतानाचा जोर तर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे निम्म्यावर येतो. त्यातच सर्वांच्या पेट्यांवर वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच असतात. वीज आली की एका डीपीवरच्या वीस मोटरी एकाच क्षणी उठू पाहतात, प्रत्येक मोटर सहा-सात पट प्रवाह मागते, व्होल्टेज बसते आणि कोणतीच मोटर धड वेग घेत नाही. ऑटोस्विचला किमान वेगवेगळ्या मिनिटांचा टायमर लावला, तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र हे एकट्याने करून भागत नाही, डीपीवरच्या सर्वांनी मिळून ठरवावे लागते. ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडल्यास लाइनमधला प्रवाह कमी होऊन व्होल्टेज थोडे सावरते. दोन फेजवर मोटर ओढण्यासाठी जो कपॅसिटर लावला जातो, तो प्रकार वेगळा आहे. तो एका ठरावीक भारालाच जुळतो. विहिरीतील पाण्याची पातळी बदलली की जुळणी मोडते आणि एका फेजवर ताण येतो. गरज कितीही असली, तरी हा उपाय मला पटत नाही.

व्होल्टेज पुरेसे आहे, पण तिन्ही जोड्यांत सारखे नाही, हा दोष सर्वांत लपून राहतो. ४१०, ३९५ आणि ३८० असे आकडे मिळाले, तर सरासरी ३९५ आणि सर्वांत मोठा फरक १५, म्हणजे असमतोल ३.८ टक्के. टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट केली की तापमानवाढ किती टक्क्यांनी वाढते याचा अंदाज येतो. येथे ती सुमारे २९ टक्के निघते. इन्सुलेशनचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअसला साधारण निम्मे होते असे मानले जाते, तेव्हा अशी मोटर एका रात्रीत न जळता एका हंगामात संपते.

असमतोल लाइनचा की मोटरचा, हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही तारांचे अँपिअर लिहून घ्यावेत. नंतर मेन बंद करून मोटरच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवाव्यात. तिन्ही सरकवल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजावे. जास्तीचा आकडा लाइनच्या त्याच फेजवर राहिला, तर दोष लाइनचा. मोटरच्या तारेबरोबर सरकला, तर दोष वायंडिंगचा.

वायंडिंगला देतानाही दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. जुन्या तारेचा गेज आणि प्रत्येक स्लॉटमधील वेढे मोजून लिहून घ्यायला सांगावे, तांब्याचीच तार वापरावी आणि जुनी तार काढण्यासाठी स्टेटर जाळावर धरू देऊ नये, कारण त्याने चकत्यांमधील इन्सुलेशन जाते आणि स्टेटर पुढे विनाकारण तापत राहतो. वार्निश दिल्यावर भट्टीत पूर्ण वाळले का, हे पाहावे. मोटर ताब्यात घेण्यापूर्वी तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा असल्याची आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) बॉडीशी किमान काही मेगओहम येत असल्याची खात्री समोर उभे राहून करून घ्यावी.

माझ्या पेटीत पॉइंटचा नवा संच आणि स्प्रिंगा बसवल्या, रिले ६ ते १० अँपिअरचा घेऊन ७.५ वर लावला आणि प्रवाह मोजणारा प्रिव्हेंटर जोडला. केबलच्या ॲल्युमिनियमच्या टोकांना नवे लग दाबून घेतले. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. दर अमावास्येला वायरमनच्या टाँग टेस्टरवर मोजलेले तीन आकडे त्यावर लिहिले जातात. मागच्या वेळचे आकडे ७.३, ७.५ आणि ७.४ असे आहेत. यातील एखादा अर्ध्या अँपिअरने जरी वेगळा दिसला, तरी मोटर बंद करून पॉइंट उघडायचे, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.